वडिलांसाठी आणि स्वतःसाठी स्मार्टवॉच घ्यावे का?

नमस्कार. तुमच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. तुमचे वडील 71 वर्षांचे असून वाईजवळच्या गावी एकटे राहतात, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि साखर काठावर आहे. सेलमध्ये अडीच हजारांना मिळणारे, रक्तदाब, ऑक्सिजन आणि साखर दाखवणारे, शिवाय संकटात दाबायचे बटण असलेले घड्याळ त्यांच्यासाठी घ्यावे का, हा पहिला प्रश्न. तुम्ही पुण्यात नुकतेच चालायला सुरुवात केली आहे आणि पुढेमागे सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळण्याची इच्छा आहे, तर त्याच ऑफरमध्ये स्वतःलाही एक घ्यावे का, हा दुसरा. वडिलांसाठी ते घड्याळ घेऊ नका, आणि स्वतःसाठी थोडे थांबा, असे माझे मत आहे. ते कशामुळे झाले, ते सविस्तर सांगणे गरजेचे वाटते, कारण यात प्रश्न केवळ अडीच हजारांचा नाही.

या घड्याळांच्या पाठीमागे जो हिरवा दिवा लुकलुकतो, त्याचे काम साधे आहे. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढते आणि ओसरते, आणि त्या मानाने परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो. हे चढउतार मोजले की नाडीचे ठोके कळतात, आणि माणूस स्वस्थ बसलेला असेल तर साधी घड्याळेसुद्धा नाडी बऱ्यापैकी बरोबर सांगतात. ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त प्रकाश वापरावा लागतो. तो संकेत बोटाच्या टोकापेक्षा मनगटावर क्षीण असतो, म्हणून तिथे चूक वाढते. रक्तदाबाचे गणित मात्र निराळे आहे. दंडाला बांधलेला पट्टा हवेने फुगून धमनी काही क्षण दाबून धरतो आणि मग हळूहळू सैल होतो, तेव्हा कुठे दाब मोजला जातो. हिरव्या दिव्यापाशी दाबायला काहीच नसते, त्यामुळे त्याला फार तर अंदाज बांधता येतो, आणि स्वस्त घड्याळांत तो अंदाज कशावर बांधला आहे हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नसते.

माझ्या सासऱ्यांच्या हातात अशाच किमतीचे एक घड्याळ होते. तीन महिने ते रोज सकाळी 118/76, 121/79, 119/77 असे आकडे वहीत लिहून ठेवत होते, आणि आकडे इतके चांगले येतात म्हणून संध्याकाळची गोळी त्यांनी कोणालाही न विचारता बंद केली. डोके जड वाटते म्हणून त्यांना डॉक्टरांकडे नेले, तर दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब 178/102 निघाला. त्याच क्षणी त्यांच्या मनगटावर 120/78 दिसत होते. घरी आल्यावर मी ते घड्याळ एका घट्ट गुंडाळलेल्या नॅपकिनवर बांधले आणि मोजणीचे बटण दाबले. अर्ध्या मिनिटात नाडी 74, ऑक्सिजन 97 आणि रक्तदाब 117/75 असे आकडे उमटले. ती वही आजही आमच्याकडे आहे. त्यातले ते नीटनेटके, एकाखाली एक मांडलेले आकडे पाहिले की मला अजूनही अस्वस्थ व्हायला होते, कारण सासऱ्यांनी त्यांच्या परीने सगळे काही शिस्तीत केले होते.

नामांकित कंपन्यांच्या महाग घड्याळांत या बाबतीत अधिक प्रामाणिकपणा आहे, हे मान्य केले पाहिजे. सॅमसंगच्या घड्याळातील रक्तदाबाची सोय वापरायची तर दंडाच्या पट्ट्याच्या यंत्राशी त्याचा मेळ घालावा लागतो आणि तो दर 28 दिवसांनी पुन्हा घालावा लागतो. म्हणजे दंडाचे यंत्र घरात लागतेच. साखरेच्या बाबतीत तर संशयाला जागाच नाही. त्वचेला न टोचता रक्तातील साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला होता. दंडावर चिकटवायचा, त्वचेखाली बारीक तार जाणारा सेन्सर असतो, त्याचे आकडे काही घड्याळांवर दिसतात खरे, पण तिथे मोजण्याचे काम तो सेन्सर करतो आणि घड्याळ फक्त पाटीसारखे असते. तेव्हा अडीच हजारांच्या घड्याळात साखर दिसते, एवढ्या एका गोष्टीवरूनच त्याच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

एका गोष्टीत मात्र चांगली घड्याळे खरोखर कामाची ठरली आहेत, ती म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे लयीत आकुंचन पावत नाहीत, तिथे रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ॲपलच्या घड्याळावर केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 4 लाख 19 हजारांहून अधिक लोक होते. त्यांपैकी अवघ्या 0.52 टक्के लोकांना अनियमित ठोक्यांची सूचना आली, आणि नंतर छातीवर पट्टी लावून ज्यांची तपासणी पूर्ण झाली त्यांच्यातील 34 टक्के लोकांत हा विकार त्या काळात आढळला. हा विकार येतो-जातो, म्हणून उरलेल्यांना आलेली सूचना खोटीच होती असे म्हणता येत नाही. वय वाढते तसा तो वाढतो, त्यामुळे ही सोय तुमच्यापेक्षा वडिलांच्या वयाला अधिक लागू पडते. पण ईसीजीच्या नावाने गैरसमज करून घेऊ नये. 2018 मध्ये ॲपलच्या घड्याळात जो ईसीजी आला, तो एकाच बाजूने काढलेला असतो, तर दवाखान्यातला बारा बाजूंनी, आणि घड्याळावर हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही हे कंपनी स्वतःच सांगते. छातीत दुखू लागल्यावर मनगटाकडे पाहत बसणे जिवावर बेतू शकते.

आता संकटाच्या बटणाकडे येतो, कारण तुमच्या मनातली मूळ काळजी तीच आहे असे मला तुमच्या लिहिण्यावरून वाटले. वडील पडले आणि जवळ कोणी नसले तर काय, ही ती काळजी. स्वस्त घड्याळातील बटण स्वतः फोन करत नाही, ते ब्लूटूथवरून खिशातल्या फोनला फोन करायला सांगते. तुम्हीच लिहिले आहे की वडील फोन माजघरात चार्जिंगला लावतात आणि मागच्या परड्यात तासन्तास असतात. ब्लूटूथचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण 10 मीटर असतो, आणि जुन्या घराच्या जाड दगडी भिंती आड आल्या की तो आणखी घटतो. परड्यात पाय घसरला तर ते बटण दाबून काहीही होणार नाही. पडल्याचे आपोआप ओळखून, मिनिटभर हालचाल झाली नाही तर मदतीला फोन करणारी घड्याळे आहेत, पण फोन सोबत नसताना हे व्हायचे तर घड्याळात स्वतःचे ई-सिम, म्हणजे आत बसवलेले सिमकार्ड हवे, त्याचे भाडे भरायला हवे आणि गावात त्या कंपनीचे नेटवर्क धड मिळायला हवे. ॲपलचे घड्याळ चालू करायला तर आयफोनच लागतो. हे सगळे जमत असेल तर त्याचा विचार जरूर करावा, मात्र तो खर्च अडीच हजारांच्या दसपट किंवा त्याहून जास्त होतो.

शिवाय चार्जिंगचा प्रश्न राहतोच. ॲपल आपल्या नेहमीच्या घड्याळासाठी बरीच वर्षे 18 तासांचा आकडा सांगत होती. साहजिकच माणूस ते रात्री काढून चार्जिंगला लावतो, आणि म्हातारी माणसे रात्रीही पडतात, लघवीला उठल्यावर अंधारात. घड्याळ घेतलेच तर ते सकाळी आंघोळ आणि पूजा होईपर्यंत चार्ज करायची सवय लावावी लागेल. ही सवय त्यांना दुसऱ्या कोणाच्या आठवणीशिवाय लागेल का, याचा विचार मुलाने करण्यापेक्षा त्यांना स्वतःलाच विचारलेले बरे. अनेक घरांत घड्याळ पहिल्या महिन्यातच कपाटात जाऊन पडते, ते याच ठिकाणी.

एक बारीकशी गोष्ट सांगतो, जी जाहिरातीत कधीच दिसत नाही. स्वस्त घड्याळांपैकी अनेकांत देवनागरी नीट उमटत नाही. काहींवर अक्षरांच्या जागी नुसत्या चौकोनी पेट्या येतात, काहींवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटून मधला पाय मोडका दिसतो. तुम्ही ‘औषध घेतले का, दवाखान्यात किती वाजता जाणार’ असे पाठवाल आणि वडिलांना त्यातले ‘दवाखान्यात’ आणि ‘किती’ हे दोन्ही शब्द वाचता येणार नाहीत. दुकानात किंवा ओळखीच्या कोणाच्या हातातील त्याच मॉडेलवर मराठी निरोप पाठवून पाहिल्याशिवाय कोणतेही घड्याळ वडिलांसाठी घेऊ नका.

माझ्या मते तुम्ही आधी दंडाला बांधायचे रक्तदाबाचे यंत्र घ्यावे. ते साधारण दीड ते अडीच हजारांत मिळते. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसायचे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचे, एवढे त्यांना शिकवा आणि ती नोंद डॉक्टरांना दाखवत जा. न्हाणीघरात धरायला दांडी आणि वाटेत रात्रभर जळणारा छोटा दिवा बसवणेही घड्याळाच्या आधी व्हायला हवे. एवढे झाल्यावर मनगटावर काही द्यायचेच असेल, तर आठवडाभर चार्ज टिकणारा साधा फिटनेस बँड द्या आणि त्यात गोळ्यांच्या वेळेचा थरथरणारा गजर लावा. आमच्याकडे सासऱ्यांना थोडे कमी ऐकू येते. फोनचा गजर दुसऱ्या खोलीत वाजून जायचा, मनगटावरची थरथर मात्र त्यांना हमखास कळते, आणि गेल्या दोन वर्षांत त्यांची संध्याकाळची गोळी क्वचितच चुकली आहे. आमच्या घरात आलेल्या सर्व घड्याळांनी केलेल्या कामांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. रोज 10 हजार पावले हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावले मोजण्याच्या यंत्राचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ अशा अर्थाचे होते, आणि तिथून तो जगभर गेला. अमेरिकेत 2019 मध्ये वयस्क स्त्रियांवर प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मृत्यूचा धोका कमी होण्याचा फायदा सुमारे 7,500 पावलांच्या पुढे फारसा वाढताना दिसला नाही. ही मोजणीही कच्ची असते. खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकी चालवली की माझ्या पहिल्या घड्याळात शेकडो पावले जमा होत, आणि भाजीची गाडी ढकलत बाजारभर फिरले तरी आकडा हलत नसे. केवळ चालण्यासाठी तुमच्या खिशातला फोन पुरेसा आहे.

पळण्यासाठी गोष्ट वेगळी आहे आणि तिथे मी घड्याळाच्या बाजूने बोलेन. साताऱ्याच्या त्या शर्यतीत यवतेश्वरच्या घाटात चढावर वेग कमी होतो, पण श्रम वाढतात, आणि नवखा माणूस सपाटीचा वेग तिथे धरायला जाऊन दम घालवतो. त्या वेळी नाडी पाहून पळणे उपयोगी पडते. त्यासाठी घड्याळात स्वतःचे जीपीएस असलेले आणि जीपीएस चालू ठेवून निदान पाच-सहा तास टिकणारे मॉडेल हवे. जोरात पळताना हात हलत असतो, म्हणून मनगटावरच्या नाडीपेक्षा छातीच्या पट्ट्यावरची नाडी अधिक भरवशाची असते, आणि तो पट्टा जोडता येतो की नाही हेही पाहून घ्या. आधी सहा महिने आठवड्यातून चार दिवस पळून पाहा. सराव टिकला तर मग थोडे जास्त पैसे घालून असे घड्याळ घ्या.

किंमत ठरवताना ही वस्तू किती वर्षे चालेल हेही हिशेबात धरा. ढोबळमानाने पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर या बॅटऱ्यांची क्षमता 80 टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे रोज चार्ज करायचे घड्याळ दुसऱ्या वर्षीच थकू लागते, आणि स्वस्त घड्याळाची बॅटरी बदलून देणारा माणूस सहसा मिळत नाही. चुंबकाने चिकटणारे चार्जर एकमेकांना चालत नाहीत, ते हरवले की घड्याळ अडून बसते. ॲप बंद पडले तर बाकी सारे धड असूनही उपयोग संपतो. पेबल हे लोकवर्गणीतून 2012 मध्ये उभे राहिलेले अतिशय चांगले घड्याळ होते, ती कंपनी 2016 मध्ये बंद झाली, तिचे सॉफ्टवेअर फिटबिट या दुसऱ्या कंपनीने विकत घेतले आणि 2018 मध्ये त्या घड्याळाच्या ऑनलाइन सेवा बंद झाल्या.

शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की वडील अजून किल्लीचे एचएमटी वापरतात आणि रोज सकाळी चहाच्या आधी त्याला किल्ली देतात. ते त्यांच्या हातातून काढायला सांगू नका. बँड उजव्या मनगटावर, हाडाच्या बोटभर वर, पट्टा फार सैल नाही असा बांधून चालतो. आणलात तर पहिले आठ दिवस, परत देण्याची मुदत संपायच्या आत, गोळीचा गजर त्यांना झोपेतून उठवतो का, मराठी निरोप नीट दिसतो का आणि चार्जर त्यांना त्यांच्या हाताने लावता येतो का, एवढे तीन प्रयोग त्यांच्या सोबत बसून करून पाहा.