थंडी, सायकल आणि अंगावरचे थर : तुमचे प्रश्न

दिवाळी आवरली, पहाटे खिडक्या लावून घ्यायला लागलो की या पानाकडे एकाच प्रकारचे प्रश्न यायला लागतात. सायकलवरून कामाला जातो, सकाळी थंडी फार, घालायचं काय? यावेळी सगळं पान त्यालाच दिलंय. मी स्वतः पाषाणहून शिवाजीनगरला सायकलने जाते, आणि बातम्यांमध्ये पुण्याचा आकडा सांगतात तो शिवाजीनगरचा, पाषाणला त्याहून गार असतं, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे.

ताई नमस्कार, मी नाशिकला मखमलाबादकडे राहतो, कंपनी अंबड एमआयडीसीत. फर्स्ट शिफ्ट सातची म्हणून सव्वासहाला सायकल काढतो, अंतर साधारण ११ किलोमीटर. अंगात बनियन, शर्ट, स्वेटर आणि वरून जाड जर्किन. तरी पहिली दहा मिनिटं दात वाजतात, मग गोदावरीचा पूल ओलांडून सीबीएसला येईपर्यंत घामाने भिजतो, आणि मशीनवर उभा राहिलो की पाठ एकदम गार पडते, दुपारपर्यंत अंग आखडलेलं असतं. अजून चांगलं जर्किन घेऊ का?

नको. दादा, जर्किन घेऊ नका, आहे तेही घरी ठेवा. तुमचा त्रास थंडीचा नाहीये, घामाचा आहे, आणि घाम जिथे अडकतोय ती जागा म्हणजे तुमचं सुती बनियन.

बघा, पायडल मारताना स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात त्यातली फार तर पाव चाकाला मिळते, बाकी सगळी उष्णता होऊन अंगातच राहते. म्हणजे दहा मिनिटांत तुमच्या आत शेगडी पेटलेली असते आणि तुम्ही वरून चार कपडे घालून तिचं झाकण बंद केलंय. मग घाम येणारच. सुती कापड तो घाम पिऊन घेतं आणि सोडत नाही, अंगाला चिकटून बसतं, आणि पाणी हवेच्या जवळजवळ २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, त्यामुळे पायडल थांबलं, शेगडी विझली, की तेच ओलं बनियन पाठीवर बर्फाच्या फडक्यासारखं काम करतं. मशीनवर उभं राहिल्यावर पाठ गार पडते ती यामुळे.

आता काय घालायचं. अंगाला लागून पॉलिस्टरचा पातळ स्पोर्ट्स टी-शर्ट, क्रिकेट खेळणारी पोरं घालतात तसला, थोडा अंगाबरोबरचा. तो पाणी पीत नाही, घाम बाहेरच्या बाजूला पसरवून वाळवतो. बजेट असेल तर मरिनो लोकरीचा घ्या, महाग असतो पण वास धरत नाही आणि ओला झाला तरी गार लागत नाही. लोकरीचा हा गुण आपल्याकडे काही नवा नाही, धनगर मंडळी भर पावसात घोंगडी डोक्यावरून घेऊन मेंढरांमागे उभी असतात ती याच भरवशावर.

त्यावर मधला थर, तो फक्त हवा धरून ठेवायला. गोधडी का ऊबदार असते? जुन्या साड्यांचे पाच-सहा थर आणि त्यांच्या मध्ये अडकलेली हवा, ऊब त्या हवेची असते. तुमचा तो जुना स्वेटर इथे छान चालेल, बिनबाह्यांचा असेल तर अजून चांगला, कारण काखेत हवा खेळायला पाहिजे. आणि सगळ्यात वर पातळ विंडचीटर, आत अस्तर नसलेला, पुढे पूर्ण चेन असलेला. थर्मामीटर ८ दाखवत असला आणि तुम्ही ताशी २० ने जात असलात तर अंगाला ५ सारखं लागतं, हा जो ३ अंशांचा फरक आहे तो वाऱ्याचा, आणि वारा अडवायला जाडी लागत नाही, घट्ट विणीचं कापड लागतं. माझ्या मते पहिले पैसे खर्च करायचे तर या विंडचीटरवर करा, बाकी घरातलं चालवून घेता येतं.

नाशिकला १०-१२ अंश असेल त्या दिवशी टी-शर्ट आणि विंडचीटर बास. ७-८ वर उतरलं, शेजारी निफाडला पारा पाचच्या खाली गेल्याची बातमी आली, की मधला स्वेटर घाला.

आणि एक गोष्ट मनाला पटवून घ्यावी लागते, मला तरी दोन हिवाळे लागले. घराच्या फाटकातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. फाटकात ऊबदार वाटलं तर समजा एक कपडा जास्त झालाय. पहिले दोन किलोमीटर सोसायचे, जोरात मारून अंग गरम करायच्या भानगडीत पडायचं नाही, आणि चेन उघडायची ती घाम फुटायच्या आधी, चढ दिसला की लगेच, घाम फुटल्यावर उघडून उपयोग नाही कारण मग ओल्या अंगावर वारा लागतो.

कंपनीत पाच मिनिटं आधी पोचा, छोट्या टॉवेलने पाठ पुसा आणि कोरडं बनियन घाला. इथे मात्र सुतीच चालेल. तेवढ्या एका गोष्टीने तुमचं आखडणं निम्मं कमी होईल असं मला वाटतं. ओला टी-शर्ट बॅगेत कोंबू नका, लॉकरच्या दाराला टांगा, सुटीपर्यंत वाळतो. दुपारी साडेतीनला घरी निघाल तेव्हा ऊन असतं, २८-२९ अंश, आपल्याकडची खरी पंचाईत हीच आहे की सकाळ आणि दुपारमध्ये १८-२० अंशांचा फरक, म्हणून काढून बॅगेत मावेल असंच घालायचं. जाड जर्किन मावत नाही, विंडचीटर मुठीएवढा होतो.

ताई, मी वाईजवळच्या गावात शिक्षिका आहे, शाळा घरापासून ६ किलोमीटर. शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा बोटं इतकी बधिर होतात की फळ्यावर तारीख लिहिता येत नाही. गुडघेही दुखतात. ड्रेस, ओढणी आणि स्वेटर घालते, वरून शाल घेते.

बाई, आधी शाल आणि ओढणीचं बोलते, कारण त्याची मला काळजी वाटली. सायकलवर दोन्ही नकोत. ओढणीचं टोक चाकात किंवा चेनमध्ये गेलं तर सावरायला वेळच मिळत नाही, गळ्याला फास बसतो. ओढणी घडी करून पर्समध्ये ठेवा, शाळेच्या दारात घ्या. गळ्याला ती नळीसारखी कापडी पट्टी मिळते, डोक्यातून घालायची, तिला लोंबणारं टोकच नसतं. मफलरच वापरायचा असेल तर दोन्ही टोकं स्वेटरच्या आत खोचून वरून चेन लावा.

बोटांचं असं आहे की शरीराला छाती-पोट गार लागलं की ते हातापायांचं रक्त आखडतं घेतं, आतल्या अवयवांना ऊब पुरवायला. त्यामुळे बोटं बधिर होतायत म्हणजे बऱ्याचदा छातीवर वारा लागतोय. स्वेटरच्या जाळीतून वारा सरळ आत येतो, वर विंडचीटर घाला आणि मग बोटांचं बघा. हातमोजे लोकरीचे एकटे पुरत नाहीत, त्यावर एक सैलसर, वारा न शिरणारा मोजा पाहिजे, बाइकवाले घालतात त्यातला पातळ चालतो, फक्त घालून ब्रेक पूर्ण दाबता येतोय ना हे दुकानातच बघून घ्या. आणि मनगट उघडं ठेवू नका, तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात. जुन्या मोज्याचा पाय कापून मनगटपट्टी केलीत तरी मस्त काम होतं.

गुडघे मात्र लाड मागतात. सलवारच्या आत थर्मलची लेगिंग घाला, तेवढंच. गुडघ्यावर मांस नसतं, वारा थेट सांध्यावर, आणि सायकलवर सगळ्यात जास्त हलणारा भाग तोच. तरीही दुखत राहिलं तर सीटची उंची तपासून घ्या, सीट खाली असली की गुडघ्यावर जास्त ताण येतो, सगळा दोष थंडीला देऊन चालणार नाही. पायात मोज्याचे दोन जोड घालून बूट आवळू नका, आवळलेल्या पायात रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

माझा मुलगा आठवीत आहे, नागपूर. पहाटे पावणेसहाला सायकलने ट्यूशनला जातो. त्याला दमा आहे, पंप असतो. कानटोपी घाल म्हटलं की हेल्मेट बसत नाही म्हणतो आणि तसाच जातो. काय करू?

ताई, तो खोटं बोलत नाहीये. जाड विणलेली कानटोपी घातली की हेल्मेट वर उचललं जातं आणि पडल्यावर नीट वाचवत नाही. त्याला पातळ, बिनशिवणीची टोपी घेऊन द्या, किंवा नुसती कानपट्टी, कान झाकले की त्या वयाच्या पोरांचं भागतं. रंग त्यालाच निवडू द्या, मग घालेल.

दम्याचं आधी डॉक्टरांना विचाराच, थंड कोरडी हवा जोरात ओढली की श्वासनळ्या आवळतात आणि निघायच्या आधी पंप घ्यायचा का, किती, हे त्यांनीच सांगायचं असतं, मी नाही. माझ्याकडून एवढंच की नाकातोंडावर पातळ कापड असू द्या, श्वासाची ऊब आणि ओल त्यात राहते आणि आत जाणारी हवा थोडी नरम होते, आणि पहिली दहा मिनिटं हळू चालवायला सांगा, म्हणजे पाच मिनिटं लवकर उठावं लागेल, भांडण त्यावर होईल हे मला माहितीये. पंप बॅगेच्या तळाशी नको, आतल्या खिशात ठेवू दे, तिथे तो गारही पडत नाही.

आणि न विचारलेलं सांगते. पावणेसहाला डिसेंबरात अंधार असतो, तुमच्याकडे धुकंही येतं, आणि शाळेचा स्वेटर गडद निळा. ट्रकवाल्याला तो दिसणारच नाही. वरून चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, मागे लाल दिवा, पुढे पांढरा. स्वेटरच्या आधी हे घ्या.

हाय ताई, मी मूळची कोल्हापूरची, सध्या नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला जॉबला, पहिलाच हिवाळा. सगळे सायकलने जातात म्हणून मीही घेतली. येताना पुण्यातून भारीतलं पिसांचं जॅकेट आणलं होतं, पण पावसात भिजून त्याचा लगदा झाला आणि आत मी घामाने भिजते. डच लोक साध्या कोटात कसे जातात?

हळू जातात गं, म्हणून जातात. उंच हँडलच्या सायकलवर ताठ बसून ताशी १५ च्या आसपास, घाम फुटेल असं काही करतच नाहीत. तूही वेग कमी केलास तर निम्मा प्रश्न तिथेच मिटेल, ऑफिसला पाच मिनिटं उशिरा पोचशील एवढंच.

पिसांचं जॅकेट वाईट नाहीये, जागा चुकलीये. पिसं फुगलेली असतात तोवर ऊब, ओली झाली की चपटी होतात आणि मग त्यात काही उरत नाही. ते बसस्टॉपवर उभं राहायला ठेव. सायकलवर आत मरिनो किंवा पॉलिस्टर, मध्ये पातळ फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापडाचा स्वेटर, वर पावसाचं जॅकेट काखेत चेन असलेलं, आणि खाली रेनपँट. तिकडचा त्रासदायक दिवस उणे तीनचा कोरडा नसतो, चार अंशांचा पावसाचा असतो, कारण ओल. ऑफिसात एक जोड मोजे कायम ठेव, ओल्या मोज्यांत आठ तास बसण्यासारखं वाईट काही नाही.

बर्फ पडला की तिकडे सायकलच्या रस्त्यांवरही मीठ टाकतात, पण पुलावर आधी गोठतं कारण खालूनही वारा असतो. तिथे वळताना ब्रेक लावायचा नाही, सीट थोडी खाली घे म्हणजे पाय पटकन टेकतो. रस्ता काळा चकचकीत दिसला, गोठलेला आहे अशी शंका जरी आली, तर सरळ बसने जा. आणि दिवे लाव, पुढे पांढरा मागे लाल, तिथे तो कायदा आहे.

मी ६८ वर्षांचा, सांगली. रोज पहाटे सायकलवरून फेरी मारून दूध घेऊन येतो. शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालतो. घरचे हसतात. यात अर्थ आहे का?

काका, पूर्ण अर्थ आहे, घरच्यांना हे वाचून दाखवा. टूर द फ्रान्सचे सायकलपटू घाटमाथ्यावर पोचले की पूर्वापार हेच करत आलेत, चढाने घामेजलेल्या छातीवर वर्तमानपत्र सारायचं आणि मग उताराला लागायचं. कागद वारा अडवतो, पानांच्या मध्ये हवा धरतो आणि थोडा घामही पितो. प्लॅस्टिकची पिशवी घालायचा मोह होतो पण ती नको, आत पाणी साचतं आणि थांबलात की हुडहुडी भरते. दोन-तीन पानं पुरतात, बनियनच्या वर आणि शर्टाच्या आत, फक्त छातीवर, पाठीला नको. घरी आलात की काढून दोरीवर टाका, कोरडी राहिली तर उद्याही चालतात.