बंगळुरूहून एका दिवसात म्हैसूरचा राजवाडा: पहिल्यांदा जाताय ना?

आई-बाबांना घेऊन आरामात जमेल. फक्त एका दिवसात सगळं म्हैसूर उरकायला जाऊ नका. पहिल्या खेपेला राजवाडा आणि फार तर वाटेवरचं श्रीरंगपट्टण, बस्स.

- गाडी ठरवताना टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता धरून किती, ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. मी तोंडी ठरवलं होतं. परतल्यावर दारातच हुज्जत.
- सकाळी सहाला निघा. एक्सप्रेसवे झाला तरी बंगळुरूतून बाहेर पडणंच खरं जिकिरीचं. दहाला राजवाडा उघडतो, तेव्हा दारात असा.
- चपला बाहेर काढाव्या लागतात. आई-बाबांना मोजे घालायला सांगा.

आत घाई नको. 1897 मध्ये जुना लाकडी वाडा जळाला, त्यानंतर 1912 पर्यंत हा उभा राहिला. कल्याण मंटपात, म्हणजे लग्नसमारंभांच्या दालनात, मान वर करा: ग्लासगोहून आलेल्या रंगीत काचांचे मोर. लोक सेल्फीच्या नादात वर बघतच नाहीत!

रविवारी गर्दी असते, पण संध्याकाळी सातच्या सुमारास जवळजवळ लाखभर दिवे लागतात. थांबणार असाल तर परतीची उशिराची वेळ ड्रायव्हरला सकाळीच सांगा.