कोल्हापूर ते तिरुपती विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो? गाडीने साडेआठशे किलोमीटर दाखवतंय, मग विमानाचं साडेसहाशे कसं?

दोन्ही आकडे बरोबर आहेत. उजळाईवाडीच्या (कोल्हापूरचा विमानतळ) धावपट्टीपासून रेणिगुंट्याच्या (तिरुपतीचा विमानतळ) धावपट्टीपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती साधारण ६५५ किलोमीटर भरते. गाडीला मात्र बेळगाव, हुबळी करत बेंगळुरूपर्यंत खाली उतरावं लागतं आणि तिथून पूर्वेला वळावं लागतं, म्हणून ८५०-८६०. एखाद्या ठिकाणी ४०८ किंवा ३५५ असा आकडा दिसला तर गोंधळू नका. पहिले मैल, दुसरे सागरी मैल, अंतर तेच.

वेळ कुठलं विमान आहे त्यावर ठरते. एटीआर म्हणजे पंख्याचं छोटं विमान, ते ताशी पाचशेच्या आसपास जातं, त्याला दीड-पावणेदोन तास धरा. छोटं जेट असेल तर सव्वा तासाच्या आसपास. तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत रांगत जाणंही मोजलेलं असतं.

२०१९ मध्ये थेट विमान सुरू झालं तेव्हा मी आईला घेऊन गेलो होतो. तोवर आमच्या घरात तिरुपती म्हणजे हरिप्रिया एक्सप्रेस, वीस-एकवीस तास, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. एटीआरमध्ये चढायचं ते शेपटीकडच्या दारातून, त्यामुळे आई सुरुवातीलाच म्हणाली, "एसटीत पण पुढनं चढवतात की रं." या विमानाचे पंख वर असतात, खाली सगळं दिसतं. मधल्या रांगेत खिडकी मिळाली तर उतरताना चाक बाहेर येतानाही दिसतं. ते पाहून तिने हातच जोडले.

पण खरा हिशेब दीड तासाचा नाहीच. विमानतळावर दीड-दोन तास आधी पोचा, काउंटर तासभर आधी बंद होतो. तिकडे उतरल्यावर रेणिगुंट्याहून तिरुपती गाव पंधराएक किलोमीटर, मग डोंगराच्या पायथ्याशी अलिपिरीला सामानाची तपासणी आणि पुढे घाट. घरातून निघून तिरुमलावर, म्हणजे देवळाच्या डोंगरावर, टेकेपर्यंत सहा तास सहज जातात. त्यामुळे दर्शनाचं तिकीट त्याच दुपारचं काढू नका. आम्ही काढलं होतं, विमान दोन तास उशिरा सुटलं आणि पुढचा सगळा घाट आई माझ्याशी बोलली नाही.

आणखी एक. वेळापत्रक हंगामागणिक बदलतं, थेट विमान रोज असेलच असं नाही, तेव्हा आधी वार बघा आणि मगच रजा टाका. थेट नसलं तर हैदराबादवरून जाता येतं, पण कोल्हापूर-हैदराबाद ४४५ आणि हैदराबाद-तिरुपती ४१५, बेरीज पुन्हा ८६०! म्हणजे हवेतून जाऊनही गाडीएवढंच अंतर, वर हैदराबादला ताटकळणं वेगळं. त्यापेक्षा मी तरी हरिप्रियाच पकडेन.

येताना लाडू हातातल्या पिशवीत चालतात. नेहमीचा लाडू पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास असतो, दहा घेतले की पावणेदोन किलो झाले, आणि हातातल्या सामानाला मर्यादा सात किलोची. आईने वीस घेतले होते, माझे कपडे मग चेक-इन बॅगेत गेले.