पीहाला जाताय? आधी झेंडे शोधा

प्रश्न : आम्ही मूळ गुहागरचे. मुलगा ऑकलंडला असतो, डिसेंबरमध्ये आम्ही दोघं दीड महिना तिकडे जातोय. तो म्हणतो पीहा बीचला नेतो पण पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही. मी ६३ वर्षांचा, विहिरीत, खाडीत, समुद्रात सगळीकडे पोहलोय. सोबत ७ वर्षांचा नातू असेल. मुलगा उगाच बाऊ करतोय का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : काका, स्पष्ट सांगते, राग मानू नका, मुलगा बाऊ करत नाहीये. पण पाण्याला पायच लावायचा नाही असंही काही नाही, त्याला एक नियम आहे तो पुढे सांगते.

गुहागरचा समुद्र तुम्ही पाहिलाय तो बहुतेक दिवाळीनंतरचा, सपाट किनारा, लांबून येणारी मऊ लाट. नारळी पौर्णिमेच्या आधी कोळी होडी पाण्यात घालत नाहीत, तेव्हाचा जो खवळलेला समुद्र असतो ना, पीहाला तसला समुद्र तिकडच्या भर उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, लख्ख ऊन पडलेलं असतानाही असू शकतो. दक्षिणेकडच्या वादळी समुद्रात उठलेल्या लाटा टास्मान समुद्र ओलांडून सरळ या किनाऱ्यावर येऊन आदळतात, मधे अडवायला काही नाही. म्हणून तर सर्फिंगवाल्यांची ही जागा लाडकी, १९५८ मध्ये दोन अमेरिकन लाईफगार्ड इथे नव्या पद्धतीचे बोर्ड घेऊन आले आणि न्यूझीलंडला सर्फिंगचं वेड लागलं.

आता खरी गोम. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठूनतरी परत जायलाच हवं, ते वाळूच्या उंचवट्यांमधल्या खोल चरातून जोरात मागे जातं, त्याला म्हणतात रिप. आपल्याकडे कोळी नुसतं ‘ओढ’ म्हणतात. चर खोल असल्यामुळे तिथे लाट फुटत नाही, म्हणजे दोन्ही बाजूला पांढरा फेस उसळतोय आणि मधे एक छान शांत पट्टा, जरा गडद किंवा गढूळ पाण्याचा. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण शांत दिसतं ना!

मी पण तेच केलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात, अंगात जीन्स, नुसतं मांडीपर्यंत पाणी, मैत्रीण फोटो काढतेय, आणि एकदम पायाखालची वाळू सरकली, मी दोन पावलं आत, मग चार, जीन्स ओली होऊन पोत्यासारखी जड झालेली, किनाऱ्यावरून शिट्ट्यांवर शिट्ट्या. लाईफगार्डने दंडाला धरून बाहेर काढलं आणि एवढंच विचारलं, झेंडे दिसले नाहीत का? दिसले होते हो, पण तिथे गर्दी होती म्हणून आम्ही लांब आलो होतो. (आपली माणसं साडी, सलवार, जीन्सवरच पाण्यात जातात, हे तेवढं बंद करा.)

तर नियम हा. लाल-पिवळे झेंडे, गोव्यात पाहिले असतील तसेच, दोन रोवलेले असतात, पाण्यात जायचं ते त्या दोघांच्या मधेच. वाळू सरकते तसे चर बदलतात म्हणून लाईफगार्ड दिवसभरात झेंडेही हलवतात, त्यामुळे जेवून परत आलात की पुन्हा बघा कुठे आहेत. झेंडेच नसतील तर त्या दिवशी पोहणं नाही, विषय संपला. निघायच्या आधी मुलाला सेफस्विमची साईट उघडायला सांगा, लाईफगार्ड किती वाजेपर्यंत आहेत, पाणी स्वच्छ आहे का, सगळं कळतं. नातू हाताच्या अंतरावर, आणि तोही झेंड्यांमधेच. बीचमागच्या लगूनमध्ये, म्हणजे तळ्यात, लहान मुलं खेळतात पण तिथलं पाणी कधीकधी खराब असतं, तेही साईटवर दिसेल.

आणि चपला न्या! वाळू काळी आहे, तारानाकीच्या ज्वालामुखीकडून वाहत आलेली लोखंडाची, दुपारी तव्यासारखी तापते. ऊनही आपल्यापेक्षा बोचरं, टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका. बाकी बीचवरच्या लायन रॉक नावाच्या मोठ्या खडकासमोर बसून पुरी-भाजी खाण्यात जी मजा आहे ती सांगून कळणार नाही.

प्रश्न : रिपमध्ये सापडलोच तर काय करायचं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : किनाऱ्याकडे सरळ पोहायचं नाही. सगळे तेच करतात आणि दमून बुडतात, जोरातल्या रिपपुढे ऑलिम्पिकवाल्याचंही चालत नाही. रिप तुम्हाला खाली खेचत नाही, आत समुद्राकडे नेते, तेव्हा आधी उताणं होऊन तरंगा, श्वास सांभाळा, एक हात वर करून हलवत राहा, लाईफगार्डसाठी तीच खूण. पुढे जोर कमी होतो, मग दम असेल तर किनाऱ्याला समांतर, जिथे लाटा फुटतायत त्या बाजूला सरका, तिथे पाणी उथळ असतं.

दुसरं कोणी बुडताना दिसलं तर तुम्ही उडी मारू नका, वाचवायला गेलेलाच बुडतो असं फार वेळा होतं. लाईफगार्डला हाक मारा, नसेल तर १११ हा तिकडचा इमर्जन्सी नंबर लावून पोलीस मागा, आणि तरंगणारं काहीही फेका, बॉल, बोर्ड, आईसबॉक्सचं झाकणसुद्धा. फोनची रेंज तिथे सगळीकडे मिळेलच असं नाही, म्हणून एकाने पळत जाऊन माणसं बोलवावीत.

प्रश्न : जावई पीहाला खडकावरून गळ टाकून मासे पकडतात, आम्हालाही ये म्हणतायत. जावं का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : मला विचाराल तर तुम्ही वरून, सुक्या खडकावरून बघा. लाटा टप्प्याटप्प्याने येतात, दहा मिनिटं काही नाही आणि मग एकदम तीन-चार मोठ्या, म्हणून आधी पंधराएक मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं. खडक ओला दिसला म्हणजे लाट तिथवर येते, सरळ हिशोब. आणि जावईबापूंना विचारा लाईफजॅकेट घालता का, नसतील घालत तर या खेपेला आहेर म्हणून तेच द्या.