विद्यार्थ्यांच्या सहकारी घरात राहावं का?

वसतिगृह परवडत नाही आणि विद्यार्थ्यांच्या सहकारी घरात खोली मिळतेय, तर जावं का, असं तुम्ही विचारलंय. मी अशा घरात दोन वर्षं काढली. आम्ही चोवीस जण होतो. त्यातलं एक वर्ष कामवाटप माझ्याकडे होतं, म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खायचं खातं.

भाडं कमी का असतं, ते आधी समजून घ्या. घरमालक नाही, त्यामुळे त्याचा नफाही नाही. बाकीची बचत तुमच्या अंगमेहनतीतून होते. स्वयंपाक, भांडी, संडास धुणं, किराणा, हिशेब, सगळं सभासदच, म्हणजे तिथे राहणारे विद्यार्थीच करतात. अमेरिकेतल्या बर्कलीची विद्यार्थी सहकारी संस्था १९३३ पासून चालू आहे, तिच्या घरांत आठवड्याला साधारण ५ तास काम असतं. आमच्याकडेही तेवढंच होतं. ५ तास ऐकायला किरकोळ वाटतात, पण परीक्षेच्या आदल्या रात्री चोवीस जणांची खरकटी भांडी समोर आली की घड्याळ हलतच नाही.

एकदा एक करपलेलं पातेलं मोरीत तीन दिवस पडून होतं. वर चिठ्ठी, ‘भिजत घातलंय’. चौथ्या दिवशी खाली दुसऱ्या अक्षरात ‘किती वर्षं?’ पातेलं कुणाचं, यावर सभेत चाळीस मिनिटं गेली. एक सभासद एक मत, हे तत्त्व १८४४ मध्ये इंग्लंडात सहकारी दुकान काढणाऱ्या रॉचडेलच्या विणकरांपासून चालत आलंय आणि मला ते मनापासून पटतं, पण भांड्यांच्या साबणावर मतदान करताना हुकूमशाहीबद्दलही थोडी आपुलकी वाटायला लागते.

खरा त्रास मात्र वेगळाच. माझ्या खोलीतल्याच मित्राने सलग तीन पाळ्या बुडवल्या आणि त्याच्या नावापुढे दंड मलाच लिहावा लागला. आठ दिवस आम्ही एका खोलीत राहून बोललो नाही. मालकाशी भांडून निदान घरी तरी येता येतं. ज्यांना भिडस्त स्वभावामुळे ‘तुझी पाळी आहे’ एवढंही तोंडावर सांगता येत नाही, ते इथे दुसऱ्यांची भांडी घासत बसतात.

पैशाचंही एक बघा. खोल्या रिकाम्या राहिल्या तर तेवढं भाडं बुडतं आणि तो भार शेवटी सभासदांवरच येतो. बर्कलीसारख्या मोठ्या संस्थेत अनेक घरं एका छत्राखाली असतात, दुरुस्तीला पगारी माणसं असतात. आमच्यासारख्या सुट्या घरात नळ गळला की पाना शोधण्यापासून सुरुवात.

तरी मी दुसऱ्या वर्षीही तिथेच राहिलो. प्रयोगशाळेतून रात्री दहाला यायचो तेव्हा ओट्यावर माझ्या नावाचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. ताळेबंद वाचायला मी तिथेच शिकलो, कारण छताच्या दुरुस्तीला राखीव निधी पुरेल का, हे आम्हालाच ठरवायचं होतं. आणि एकटं पडायची सोयच नव्हती. शांतता लागणाऱ्याला हाच तोटा वाटेल.

तेव्हा होकार द्यायच्या आधी मागच्या दोन सभांचं इतिवृत्त मागा, सध्या किती खोल्या रिकाम्या आहेत ते विचारा, अनामत कधी आणि किती परत मिळते ते लेखी घ्या. खोलीपेक्षा मोरी नीट बघा. जमलं तर आधी न कळवता जा. कुणी घर बघायला येणार असलं की आम्ही आदल्या रात्री ती घासून ठेवायचो.