ब्रिटनने 1968 मध्ये सिंगापूर-मलेशियातून सैन्य काढायचं का ठरवलं?

थोडक्यात सांगायचं तर पैसे संपले होते. भारत 1947 लाच गेला तरी लंडनला वाटत होतं की सुएझ कालव्याच्या पूर्वेला, म्हणजे आशियाकडे, आपण अजून मोठी ताकद आहोत, आणि 1963 ते 66 मध्ये इंडोनेशियाने मलेशियाशी संघर्ष काढला तेव्हा बोर्निओच्या जंगलात हजारो ब्रिटिश आणि गुरखा सैनिक लढतही होते, पण हा खर्च झेपणारा नव्हता. नोव्हेंबर 1967 मध्ये पौंड 2.80 डॉलरवरून 2.40 वर आणावा लागला आणि जानेवारी 1968 मध्ये पंतप्रधान विल्सननी जाहीर केलं की 1971 च्या अखेरीपर्यंत आम्ही निघतो.

सिंगापूरसाठी हा केवढा धक्का होता बघा, नवा देश, स्वतःचं सैन्य नुकतंच उभं राहतंय, आणि अर्थव्यवस्थेचा जवळजवळ पाचवा हिस्सा ब्रिटिश तळांवर अवलंबून! सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू घोषणेआधी स्वतः लंडनला जाऊन भांडले तरी मुदत थोडीशीच वाढून 1971 च्या अखेरीपर्यंत आली. नंतर 1971 मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया, सिंगापूर असा पाच देशांचा संरक्षण करार झाला, तो आजही चालू आहे.

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो हिंदी महासागरातल्या चागोस बेटांबद्दल. एकीकडे तळ बंद करत होते आणि दुसरीकडे त्यातलं दिएगो गार्सिया बेट अमेरिकेला तळासाठी द्यायचं म्हणून तिथल्या लोकांना 1973 पर्यंत घराबाहेर काढून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं, त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही.