‘मग काय नरकात जाऊ?’

प्रश्न : आमच्या आईचं वय ७४. एकादशी, चातुर्मास, भागवत सप्ताह, काही चुकवत नाही. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण म्हणजे दगडावरची रेघ. परवा मी चेष्टेत म्हटलं, ‘हे सगळं स्वर्गाचं बुकिंग चाललंय.’ ती म्हणाली, ‘मग काय नरकात जाऊ?’ विषय हसण्यावारी गेला, पण माझ्या डोक्यातून जाईना. बक्षिसाच्या आशेनं केलेलं पुण्य हे पुण्य कसं? माझा एक मित्र देव मानत नाही, पण नेमानं रक्तदान करतो, बदल्यात काही मागत नाही. मग दोघांत धार्मिक कोण? जाता जाता, आमच्या या मित्राला स्वर्ग मिळेल का, तेही सांगा.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या आईंचं उत्तर माझ्या कुठल्याही उत्तरापेक्षा नेमकं आहे, पण संपादकांनी पान माझ्याकडे दिलंय, तेव्हा लिहिते.

तुमची शंका धर्माच्या बाहेरची नाही, घरातलीच आहे. ‘स्वर्गकामो यजेत’, म्हणजे ज्याला स्वर्ग हवा त्यानं यज्ञ करावा, असं वेद सांगतात आणि मीमांसकांनी, म्हणजे वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, या वाक्यावर अख्खं शास्त्र रचलं. त्याच स्वर्गाची गीतेत खिल्ली आहे. स्वर्गापलीकडे ज्यांना काही दिसत नाही, त्यांची वाणी नुसती फुलोऱ्याची, असं दुसऱ्या अध्यायात म्हटलंय. नवव्या अध्यायात तर पुण्य सरलं की पुन्हा मर्त्यलोकी, असा हिशोबच मांडलाय. त्यावर लिहिताना ज्ञानोबा आणखी कडक होतात. स्वर्गाला नेणाऱ्या पुण्याला ते ‘पुण्यात्मक पाप’ म्हणतात. वनवासात द्रौपदी धर्मराजाला विचारते, एवढा धर्म पाळून पदरात काय पडलं? तो म्हणतो, मी फळाकडे बघून वागत नाही, द्यायला हवं म्हणून देतो. आणि धर्माचा व्यापार करणाऱ्याला तो सगळ्यांत हीन ठरवतो. तुमच्या मित्राचं म्हणणं याहून वेगळं नसावं.

म्हणजे तुमचा मुद्दा सिद्ध झाला? थांबा. फुलोऱ्याची थट्टा करणारा तोच कृष्ण पाचच श्लोक आधी अर्जुनाला काय म्हणतो? मेलास तर स्वर्ग मिळेल, जिंकलास तर पृथ्वी भोगशील, ऊठ! समोरचा गळून बसलेला असताना त्याला उठवायला स्वर्गसुद्धा चालतो. पुढे सातव्या अध्यायात संकटात सापडलेला, जिज्ञासू, काहीतरी हवं असलेला आणि ज्ञानी असे चार भक्त सांगून ‘उदाराः सर्व एवैते’, हे सगळेच थोर, असा निर्वाळा आहे. ज्ञानी त्यात वरचा, पण मागणाऱ्याला हाकलून दिलेलं नाही. आणि मागत कोण नाही? ‘तुका म्हणे गर्भवासी । सुखें घालावें आम्हासी’ म्हणून मोक्षावर पाणी सोडणारे तुकोबा त्या अभंगाची सुरुवातच ‘हेंचि दान देगा देवा’ अशी करतात. मागणं आलंच.

तेव्हा मागण्यावरून मी कुणाला स्वार्थी ठरवत नाही. मी बघते ते कोपर. कीर्तनाच्या निमित्तानं सप्ताहांना जाते, तिथे दिसतं. पादुकांना हात लागावा म्हणून म्हातारीला कोपरानं बाजूला सारणारा भाविक मी पाहिलाय. आणि मांडवाबाहेर उन्हात चपलांची राखण करत बसलेली बाई पाहिलीय. विचारलं तर म्हणाली, ‘तेवढंच पुण्य.’ पुण्य दोघांना हवंच होतं. त्याचं पुण्य म्हातारीच्या बरगडीत बसलं आणि हिच्या पुण्यापायी शेकडो माणसं निर्धास्त आत बसली.

कीर्तनाच्या उत्तररंगाला, म्हणजे कथेच्या भागाला, मी कधी कधी मुद्गलाचं आख्यान लावते. महाभारताच्या वनपर्वात आहे, फारसं कुणी सांगत नाही. कुरुक्षेत्रातला हा ब्राह्मण शेतात सांडलेलं धान्य वेचून जगणारा. पंधरवड्यात द्रोणभर (द्रोण हे धान्याचं जुनं माप) भात जमला की यज्ञ करायचा, आल्या अतिथीला वाढायचं, उरेल ते बायको-मुलांसह खायचं. एका पर्वाला दुर्वास आला, वेड्यासारखा, अंगावर वस्त्र नाही. सगळं अन्न खाल्लं, उष्टं अंगाला फासलं आणि चालता झाला. असा सहा वेळा आला. मुद्गल उपाशी, पण चेहऱ्यावर राग नाही. मग देवदूत विमान घेऊन दारात. मुद्गल चढत नाही! आधी विचारतो, तुमच्या स्वर्गाचे गुण सांगा आणि दोषही सांगा. (सातबारा बघितल्याशिवाय जमीन घेऊ नये, हे त्याला कळत होतं.) देवदूत प्रामाणिक निघाला. भूक नाही, तहान नाही, घाम नाही, माळा कोमेजत नाहीत. पण तिथे नवं काही करता येत नाही, इथे केलेलंच खायचं. दुसऱ्याचं वैभव आपल्याहून मोठं दिसलं की जीव जळतो. आणि पुण्य संपलं की खाली. मुद्गलानं नमस्कार केला आणि विमान परत पाठवलं.

आता गंमत सांगते. एकदा हे आख्यान संपल्यावर आरतीच्या ताटात नाणं टाकून एक आजी माझ्याकडे आल्या. हाताला कांद्याचा वास. म्हणाल्या, ‘ताई, तिथं भूकच नाही म्हणजे स्वयंपाकही नाही?’ म्हटलं, नाही. ‘मग तो मुद्गल नको म्हणू दे. मला चालेल.’ जन्मभर दोन्ही वेळची चूल सांभाळलेल्या बाईनं बिनस्वयंपाकाची जागा मागितली, तर त्याला स्वार्थ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अप्सरा आणि सोमरस यांच्याशी तिला काय देणंघेणं? तुमच्या आईंना एकदा विचारा, स्वर्गात त्यांना हवंय तरी काय. आपण धरून चालतो तसला स्वर्ग त्यांच्या मनात असेलच असं नाही.

अनारशांचंही तसंच. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटून चाळायचे, गूळ कालवून पीठ मुरवायचं, खसखशीवर थापायचं. एवढं करून पीठ बिघडलं तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो, आणि करणारीला रडू येतं. ३३ तळायचे म्हणजे ७४ व्या वर्षी चेष्टा नाही. त्या बदल्यात पुढे काय मिळणार ते मिळो. खाल्ले मात्र तुमच्या मेहुण्यांनी, आणि मला वाटतं दोन-चार तुमच्याही वाट्याला आले असतील.

मित्राबद्दल. त्याच्या रक्ताची पिशवी ज्याला चढली, त्यानं ती कुठल्या हेतूनं भरली हे विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. आईंना कमी ठरवायला मात्र त्याला पुढे करू नका.

राहिला त्याचा स्वर्ग. देवदूतानं मुद्गलाला यादी ऐकवलीय. तप न केलेला, महायज्ञ न केलेला, खोटं बोलणारा आणि नास्तिक, यांना प्रवेश नाही. या यादीप्रमाणे तुमचा मित्र बाहेर. महायज्ञ तुम्ही-मीही केलेला नाही, तेव्हा आपणही बाहेर. त्याला सांगा, काळजी नको, मुद्गलही गेला नव्हता.